हजेरी आणि ओळख

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक प्रशिक्षण झालं. वरून परिपत्रक आलं होतं, त्यामुळे ते होणं भागच होतं. विषय होता, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांबाबत कर्मचाऱ्यांची संवेदनशीलता. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एप्रिलचं ऊन. डोक्यावर पंखे फिरत होते, चहा-बिस्किटं झाली होती आणि बाहेरगावाहून आलेले व्याख्याते पडद्यावर एकेक चित्र दाखवत होते. पारधी समाज : व्यवसाय, पेहराव, बोली, दैवतं, लग्नाची रीत. एकेका मुद्द्याला अर्धा-अर्धा मिनिट.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘कुणाला काही शंका?’’ मागच्या रांगेतून एक सहकारी उठला. म्हणाला, ‘‘सर, ते सगळं ठीक आहे, पण यांना ओळखायचं कसं?’’ सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. हे कबूल केल्याशिवाय पुढं बोलायचा मला अधिकार नाही. मग आम्ही रांगेनं हजेरीपटावर सह्या केल्या आणि घरी गेलो.

मी कविता लिहितो, त्यामुळे शब्द उलटापालटा करून पाहायची खोड जुनीच आहे. त्या रात्री ‘ओळख’ हा शब्द डोक्यातून जाईना. मराठीत ओळख दोन तऱ्हांची असते. पोलीस ओळख पटवतात आणि शेजारी ओळख करून घेतात. पटवताना एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं गुमान उभं राहायचं. ओळख होते तेव्हा मात्र दोघांनाही बोलावं लागतं. सहकाऱ्याचा प्रश्न पहिल्या तऱ्हेचा होता. पुढं जुनी पुस्तकं चाळताना ध्यानात आलं, की तो त्या बिचाऱ्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी खात्यात तो शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात होता आणि त्याचं रीतसर उत्तरही छापलेलं होतं.

ही गोष्ट १८७१ साली सुरू होते. त्या वर्षी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसानं गुन्हा केला की तो गुन्हेगार, ही जगरहाटी. या कायद्यानं ती उलटी केली. अख्खी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मग तिच्यात जन्मलेलं पोरही जन्मतःच संशयित. पहिल्यांदा हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढवून तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लावण्याची सोय झाली आणि १९२४ साली सगळे बदल एकत्र करून नवा कायदा आला. नोंद झालेल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून दुसरीकडे ठेवण्याचा अधिकारही सरकारनं स्वतःकडे घेतला होता.

आता या जमाती ओळखायच्या कशा, हे शिपायाला आणि फौजदाराला शिकवायला नको का? त्यासाठी १९०८ साली मुंबई सरकारच्या छापखान्यातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी एम. केनेडी यांनी मुंबई इलाख्यातल्या तथाकथित गुन्हेगार वर्गांवर लिहिलेली ती टिपणं. त्यात एकेक जमात घेतली आहे. ती कुठे राहते, दिसते कशी, बायका लुगडं कसं नेसतात, आपसांत कोणती बोली बोलतात, देव कोणते, कोणत्या वेशात फिरतात आणि चोरी करतात ती कशी. कष्टानं जमवलेली माहिती आहे. आमच्या प्रशिक्षणातल्या पडद्यावरचे मुद्दे आणि त्या पुस्तकातले मुद्दे मी शेजारी शेजारी लिहून पाहिले. व्यवसाय, पेहराव, बोली, दैवतं. चोरीचा रकाना तेवढा आम्ही गाळला होता. बाकीचा तक्ता तोच होता.

मला यातून एवढंच म्हणायचं आहे, की दुसऱ्याच्या संस्कृतीची माहिती असणं ही आपोआप चांगली गोष्ट होत नाही. फासेपारध्याची बोली गुजरातीच्या जवळची आहे, हे भाषेच्या अभ्यासकालाही ठाऊक असतं आणि पालावर रात्री धाड घालणाऱ्यालाही. माहिती तीच, हात वेगळे.

आता बीड काही इंग्रजांच्या हद्दीत नव्हतं. आपला जिल्हा निजामाचा. पण आष्टीच्या पलीकडे पाऊल टाकलं की तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तित्तिरासाठी फासे लावत माळरान तुडवणाऱ्या माणसाला ही सरहद्द कुठली दिसणार? तो इकडचा तिकडे जायचा, तिकडचा इकडे यायचा. एका राज्याचा संशय त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या राज्यात यायचा. सोलापूरला तर या जमातींसाठी वसाहत होती. लोक तिला आजही सेटलमेंट म्हणतात. काटेरी तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, तिथली माणसं दिवसा कापडगिरण्यांत कामाला जात आणि परत हजेरीला उभी राहत.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ साली रद्द केला. देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून भटक्या-विमुक्तांमध्ये ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन मानतात. उरलेल्या देशापेक्षा पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा आलेला हा स्वातंत्र्यदिन. त्यानंतरही १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचं नाव नाही, पण नजर जुन्याच वस्त्यांवर फिरत राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. जंगलाच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. पण फासे हेच ज्याचं शेत, त्याच्या हाती दुसरं काय द्यायचं, याचा विचार त्या वेळी कुणी केला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी माळावरच्या पालांकडे वळते, हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागत नाही.

इथवर मी इंग्रजांवर बोललो. आता स्वतःवर बोलतो.

२००४ ची गोष्ट. मी जिल्ह्यातल्या एका कचेरीत जातीच्या दाखल्यांचे अर्ज तपासायच्या टेबलावर होतो. एक पारधी आजी नातवाच्या दाखल्यासाठी आली. मुलाला वसतिगृहात प्रवेश मिळत होता, दाखल्यावर अडलं होतं. पारधी, फासेपारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत आणि त्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेच्या आधीपासूनचा रहिवास दाखवावा लागतो.

मी म्हणालो, ‘‘आजी, पन्नास सालाच्या आधीचा कागद लागतो. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जमिनीचा उतारा, असं काहीतरी.’’

‘‘सायेब, साळा कुठली आन् जमीन कुठली?’’

दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. नगरकडच्या कुठल्याशा ठाण्याच्या जुन्या हजेरीच्या यादीची ती नक्कल होती. तिच्या सासऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, पुढं जात : फासेपारधी. साल चाळीसच्या आगेमागे. मी कागद पाहिला आणि तसाच परत केला. म्हणालो, ‘‘हे इथं चालत नाही. हा गुन्हेगारांचा कागद आहे.’’

ती काही रडली-बिडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘‘माझ्या सासऱ्यानं येक बी गुन्हा केला नव्हता. सरकारनंच लिवलंय ते. सरकारचं सरकारलाच चालत न्हाई व्हय?’’

मागच्या रांगेतले लोक हसले. मी पुढचा अर्ज घेतला. ती परत आली नाही.

कागदपत्रांचं काम केलेल्या माणसाला माझी चूक चटकन कळेल. पन्नास सालाच्या आधीची सरकारी नोंद, त्यात बापजाद्यांचं नाव आणि जात. याहून भक्कम पुरावा तो कोणता? पुढं २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की स्वातंत्र्याच्या आधीच्या नोंदींना अशा प्रकरणांत अधिक वजन द्यायला हवं. पण कायद्याची माहिती नसल्यामुळे मी चुकलो, असं म्हणणं ही स्वतःची सोडवणूक होईल. ज्या लोकांना आमच्या दप्तरात फक्त एकाच वहीत जागा मिळाली, त्यांची ती वहीच मी पुरावा म्हणून नाकारली. तिच्यावरचा ‘गुन्हेगार’ हा शब्द मी वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. केनेडीसाहेबांचं पुस्तक मी तोवर पाहिलंही नव्हतं. त्याचं शिक्षण मात्र मला पुरतं मिळालेलं होतं.

दाखला मिळाला तरी गाडी तिथं थांबत नाही. पुढं पडताळणी असते. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तपासणी समित्या आणि दक्षता पथकं यांची चौकट घालून दिली. खोटे दाखले घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावणारे होते आणि आहेत, म्हणून ही तपासणी लागते, हेही खरंच. पण तीत एक कसोटी असते, तिला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. अर्जदारानं आपल्या जमातीचे देव, सण, लग्नाच्या चालीरीती, बोली सांगायची आणि अधिकाऱ्यानं ती पुस्तकाशी ताडून पाहायची. शहरात वाढलेल्या पोराला आजीची बोली आली नाही, तर तो आपल्याच जमातीच्या परीक्षेत नापास. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की ही कसोटी अखेरची मानता येणार नाही. बरं झालं. आम्हा कर्मचाऱ्यांची परीक्षा मात्र कुणी घेत नाही. दोन तास बसलं, हजेरीपटावर सही केली, की आम्ही संवेदनशील झालो.

मग दुसरी तऱ्हा असते कुठे? त्यासाठी ऑस्ट्रेलिया-कॅनडात जायच्या आधी आपल्याच जुन्या राज्यात डोकावू या.

निजामाच्या काळात कचेरीची भाषा उर्दू. माझ्या आजोबांना त्याचं अप्रूप होतं. शेजारच्या मराठी शेतकऱ्याला मात्र साधा अर्ज लिहायला माणूस धरावा लागे. आमच्या घरच्या दखनीच्या जवळची ती भाषा, म्हणून आमचं निभावून गेलं. पुढं मराठी आली आणि शेतकऱ्याची अडचण गेली. पण गोंड, कोलाम, पारधी यांच्यासाठी कचेरी आधीही परकी आणि नंतरही परकीच. १९४० साली आदिलाबादच्या जंगलात कोमराम भीम या गोंड तरुणानं जमिनीच्या हक्कासाठी उठाव केला. जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे साथीदार मारले गेले. सरकारला प्रश्न पडला, हे लोक मुळात चिडले कशावर?

त्या वेळी हैदराबादेत एक व्हिएन्नाचा माणूस होता. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हातात जर्मन पासपोर्ट, म्हणून इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहायला लावलं. ओळख पटवण्याच्या रगाड्यात तोही सापडला होता म्हणा ना. तो आणि त्याची पत्नी बेट्टी मारलावाई नावाच्या गोंड खेड्यात जाऊन राहिले, गोंडी शिकले. निजाम सरकारनं त्याला आदिवासींसाठी सल्लागार नेमलं. त्यानं लिहून दिलं, की या लोकांच्या जमिनी जाताहेत, जंगल खातं त्यांना उठवतंय आणि कचेरीतली भाषा त्यांना कळत नाही. राग आहे तो यावर.

मग १९४३ च्या सुमारास मारलावाईत एक प्रशिक्षण केंद्र निघालं. गोंड तरुणांनाच तिथं शिक्षक म्हणून तयार केलं. गोंडी भाषेतली पहिली वाचनपुस्तकं तयार झाली, आणि गंमत बघा, त्यांची लिपी होती देवनागरी. तिथं तयार झालेल्यांतले काही पुढं इतर सरकारी कामांतही गेले. हायमेनडॉर्फ उस्मानिया विद्यापीठात शिकवूही लागला. त्या काळचं आदिलाबाद म्हणजे काही परदेश नव्हे. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होता. म्हणजे हे आपल्या घरातलंच उदाहरण आहे.

मी त्याचे गोडवे गात नाही. एका संस्थानिकाच्या मर्जीवर चाललेलं ते काम होतं आणि उठावाच्या धास्तीतून निघालेलं होतं. राज्य गेलं, नकाशे बदलले, बाहेरून येणाऱ्यांचा लोंढा वाढला आणि मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळ पुन्हा गेल्या. १९८२ साली आलेल्या पुस्तकात हायमेनडॉर्फनं स्वतःच ते लिहून ठेवलं. आमच्या बीडच्या पारध्यांच्या वाट्याला तर असं मारलावाई कधी आलंच नाही. पण एक धडा त्यातून घेता येतो. तिथं शिकवणाऱ्याच्या खुर्चीत गोंड बसला होता, आणि बोलीच्या जोडीला जमिनीचा प्रश्नही टेबलावर होता.

जगात इतरत्रही हाच धडा उशिरा शिकले. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांचे कोठडीत मृत्यू होत होते. ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगानं १९९१ साली अहवाल दिला. त्यात ३३९ शिफारशी होत्या. पोलीस आणि इतर कर्मचाऱ्यांना या समाजांचा इतिहास शिकवा, ही त्यांतलीच. कॅनडात मूळ रहिवाशांची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत कोंबली जात. त्याचा शोध घेणाऱ्या आयोगानं २०१५ साली ९४ कलमी मागणी मांडली आणि सरकारी नोकरांना या इतिहासाचं शिक्षण द्यायला सांगितलं. इतिहासाचं, हा शब्द महत्त्वाचा. नाच, नगारे आणि पेहराव हा त्या समाजाचा विषय झाला. त्यांची मुलं कुणी नेली, कोणत्या सहीनं नेली, हा कचेरीचा विषय. मुलं वेगळी काढण्याचं कलम आपल्याकडेही होतं, हे मी मघाशी सांगितलंच.

आपल्याकडेही दप्तर हलायला लागलंय. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत विमुक्त जमातींना सराईत समजणाऱ्या तरतुदी होत्या, त्या घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक होऊ नये, हेही बजावलं. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी ही वेळ आली. वहीतला रकाना निकालानं निघतो. डोक्यातला रकाना काढायला प्रशिक्षण लागतं, आणि ते पडद्यावरच्या चित्रांनी होत नाही.

पुढच्या खेपेला आमच्या कचेरीत तसंच परिपत्रक आलं, तेव्हा मी वरिष्ठांना विनंती केली, की या वेळी पारधी समाजातल्याच कुणाला बोलवा आणि इतर व्याख्यात्यांना देतो तेवढंच मानधन द्या. एक पदवीधर ताई आल्या. त्यांनी पडदा लावला नाही. खडूनं फळ्यावर एकच शब्द लिहिला, हजेरी. म्हणाल्या, ‘‘हा शब्द ऐकला की तुम्हाला काय आठवतं?’’ कुणी शाळा म्हणालं, कुणी पगार म्हणालं. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या घरात हा शब्द आला की म्हातारी माणसं अजून गप्प होतात.’’ मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. कायद्याचं एकेक साल सांगितलं. आमच्याच खात्याच्या वह्यांची नावं सांगितली, आम्हालाही ठाऊक नसलेली. अर्धा तास कुणी मोबाइल काढला नाही.

मी खिडकीतल्या आजीची गोष्ट तिथं उभं राहून सांगितली. त्या आजीचा पत्ता मी नंतर शोधला, पण त्या माळावर आता पालं नाहीत. नातवाचं काय झालं, मला माहीत नाही. बोलता बोलता माझा आवाज जड झाला. ताई एवढंच म्हणाल्या, ‘‘सर, तो कागद आमच्याकडे पुष्कळांच्या घरी आहे. लाजेनं कुणी बाहेर काढत नाही.’’

शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘कुणाला काही शंका?’’ मागच्या रांगेतला तोच सहकारी उठला. मी मनातल्या मनात डोळे मिटले.

तो म्हणाला, ‘‘ताई, समजा घरी तो कागद नाहीच सापडला. तर आम्ही कुठं शोधायचा?’’

‘‘ठाण्यातल्या जुन्या दप्तरात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही मागायला गेलो तर आत घेत नाहीत. तुम्ही पत्र दिलंत तर शोधतील.’’

त्यानं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. मग आम्ही सगळे हजेरीपटावर सह्या करायला उठलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)